हातातले तांदूळ

लक्ष्मीबाईंच्या घरात भागूबाईला दोन कामं होती. धुणंभांडं हे एक, त्याचा पगार मिळे. दुसरं काम कहाणी ऐकायचं. ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं, चालत आलं होतं.

लक्ष्मीबाई रोज वाराची कहाणी वाचत. श्रावणात तर एखादी जास्तीची. आणि कहाणीला ऐकणारं माणूस लागतं. भिंतीला सांगितलेली कहाणी देवापर्यंत पोचत नाही, असं त्या म्हणत. सून तनुजा बँकेत जायच्या घाईत, मुलगा अंघोळीला, नातू मोबाइलमध्ये. उरली भागूबाई. ओले हात पदराला पुसून ती देवघरापुढं बसे, लक्ष्मीबाई तिच्या उजव्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवत आणि कहाणी सुरू होई. एकदा तांदूळ हातात आले की उठायचं नाही. दाराची बेल वाजो, गॅसवर दूध चढो, वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीतून हाका मारो. कहाणी संपून तांदूळ देवाला वाहीपर्यंत ऐकणारी जागची हलत नाही, आणि सांगणारीही ती अर्धी सोडत नाही. अधूनमधून 'हुं' म्हणायचं, म्हणजे सांगणारीला कळतं की कान जागे आहेत.

भागूबाईला याचं ओझं वाटत नसे. ती स्वतः शुक्रवार धरणारी. मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीच्या दारात रंगाच्या डब्यात लावलेली तुळस होती, तिला पाणी घातल्याशिवाय तोंडात चहा जात नसे. फक्त कहाणीच्या वेळात तिचं मन एका जागी बसत नसे. ओठ 'हुं' म्हणत आणि मन गंगापूरच्या पुढं, चिंचवाडीला पोचलेलं असे.

चिंचवाडीत तिची लेक सोनिया आजीपाशी राहत होती. चौथीत होती. नवरा कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. भागूबाई उजाडल्यापासून घरोघरी. दहा बाय दहाच्या खोलीत पोरीला एकटी कोंडून ठेवायची, नाही तर गावी ठेवायची. त्यांनी गावी ठेवली. गाव काही लांब नव्हतं. जीपनं गंगापूर, तिथून दुसरी जीप. सकाळी निघावं, दिवस मावळायच्या आत परत यावं. पण तो एक दिवसच भागूबाईपाशी नव्हता. चार घरं धरलेली, चारही उल्कानगरीतल्या सुखवास सोसायटीत. एकीनं 'जा बाई' म्हटलं की दुसरीकडं पाहुणे यायचे, दुसरीचे पाहुणे गेले की तिसरीचं पोर आजारी पडायचं. एका घरची सुट्टी म्हणजे उरलेल्या तीन घरांचं काम, एवढाच तिचा अर्थ. आणि चारही घरं एकदम सोडली तर ती सुट्टी नव्हे, खाडा. खाड्याचा पगार कापला जाई आणि वर आठवडाभर वाकडी तोंडं.

गेल्या संक्रांतीला ती गावी गेली, तेव्हा सोनियानं तिला सतरंजी टाकून दिली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं, "जेवून जाणार का?"

पोरीला शहाणपण आलं म्हणून सासू कौतुकानं हसली. भागूबाईनं तांब्या तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. पाव्हणीला विचारतात तसं पोटच्या पोरीनं विचारलं होतं. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. भांडी घासता घासता हात थांबायचे, पुन्हा दुप्पट वेगानं चालायचे. तिला एक दिवस हवा होता. आठवड्यातला कुठलाही, पण चारही घरांचा एकच.

*

बिल्किस आपा तिला टँकरच्या रांगेत भेटली. मूळची पैठणची, लग्न होऊन शहागंजात आली, नवरा गेल्यावर मुकुंदवाडीत खोली घेऊन धुण्याभांड्यांना लागली. कळशी कमरेवर, जीभ धारेवर.

"तुम गाव छोड के आये, ठीक है," ती रांगेतल्या बायांना म्हणाली. "साथ में इतवार भी उधरीच छोड के आये क्या?"

बाया हसल्या. बिल्किसनं मात्र ते हसण्यावारी सोडलं नाही. वस्तीतल्या पाचसहाजणींना गोळा केलं. बुद्धभूषण नावाचा, नाटकाचं शिक्षण घेऊन पोटासाठी कुरिअरचं काम करणारा एक पोरगा शोधून काढला आणि दुपारच्या वेळी, सकाळची कामं संपून संध्याकाळची लागायच्या आधी, समाजमंदिरात नाटक बसवायला सुरुवात केली. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, तीही सगळ्या घरांत एकाच दिवशी, एवढंच नाटकाचं मागणं. भागूबाई पहिल्या दिवशी दाराशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आत येऊन बसली.

पहिला प्रयोग त्यांनी सुखवासच्या फाटकासमोर, बागेच्या कडेला केला. बुद्धभूषण हलगी वाजवत होता, बिल्किस डोळ्यांवर गॉगल चढवून मालकीण झाली होती. संध्याकाळी फिरायला निघालेल्या बाया आल्या. एक "छान, छान" म्हणत चालतच राहिली. एकीनं बिल्किसच्या हातात दहाची नोट ठेवली. वॉचमन पुंजाराम, हा पण त्यांच्यासारखाच गावाकडून आलेला, काठी आपटत आला खरा, पण बोलला हळूच.

"मावशे, जरा तिकडं सरका. मला बी पोरंबाळं हायेत."

शेवटी प्रयोग पाहिला तो पाणीपुरीवाल्यानं आणि एका गायीनं. गाय मधेच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळ्या तोंड पाडून बसल्या. बिल्किसनं ती नोट मधोमध ठेवली होती, कुणी हात लावेना.

"नाटक वाईट नव्हतं," बुद्धभूषण म्हणाला. "पण चालता प्रेक्षक आपला नसतो. त्याला थांबवता आलं पाहिजे."

"थांबवायला काय दोरी बांधावी का त्यान्ला?" एकजण म्हणाली.

"दोरी कशाला," भागूबाई आपली सहज बोलून गेली, "हातात तांदूळ द्यावं. मंग बघा कोण उठतंय."

सगळ्या हसल्या. बिल्किस हसली नाही.

"क्या बोली? फिरसे बोल."

भागूबाईनं लक्ष्मीबाईंची कहाणी सांगितली. तांदूळ कसे देतात, बाई कशी खिळून बसते, दूध उतू गेलं तरी कशी उठत नाही.

"हौ," बिल्किस म्हणाली. "हमारे यहां भी पैगंबर साब के मिलाद में बैठे तो बीच में से नहीं उठते. बेअदबी होती." मग ती बुद्धभूषणकडं वळली. "सर, नाटक नक्को. कहानी करेंगे. इनकेच हॉल में."

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी सुखवासच्या हॉलमध्ये जिवतीची पूजा आणि हळदीकुंकू असे. दूध गरम करायला, फुटाणे वाटायला, मागचं आवरायला सोसायटीतल्या सगळ्या कामवाल्या, बिल्किससुद्धा, तिथं असतच. महिला मंडळाची सेक्रेटरी तनुजाच होती. भागूबाईनं तिला विचारलं, आमच्या बाया कहाणी सांगतील, चालंल का. तनुजा खूश झाली.

"वा, लोककला. मी व्हिडिओ करते, ग्रुपवर टाकू."

कसली कहाणी ते तिनं विचारलं नाही. भागूबाईनं सांगितलं नाही.

*

सांगणारी म्हणून भागूबाईचंच नाव पडलं. कहाणीची चाल तिच्या कानात बसलेली होती. शब्द सगळ्यांनी मिळून जुळवले, बुद्धभूषणनं ते नीट ओळीत लावले. तालमी सुरू झाल्या, आणि भागूबाईची झोप गेली.

रागावतील, कामावरून काढतील, ही भीती होतीच. तिची सवय होती. ही बोच वेगळी होती. देवापुढं बसलेल्या बाईच्या हातात देवाच्या नावानं तांदूळ द्यायचे आणि आपलंच गाऱ्हाणं ऐकवायचं, ही फसवणूक झाली की नाही? आणि ती युक्ती दुसऱ्या कुणी काढलेली नव्हती, आपल्याच तोंडातून निघाली होती. तुळशीला पाणी घालताना तिला वाटे, तुळस आपल्याकडं बघते आहे. ती नजर चुकवून चहा पिई.

कामात चुका व्हायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर तिनं पांढऱ्या कपड्यांत लाल ओढणी भिजवली. आणि लक्ष्मीबाईंच्या कहाणीत तिचे हुंकार भलत्याच जागी पडू लागले.

"भागू," एक दिवस लक्ष्मीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सासूनं सुनेला घराबाहेर काढलं, तिथं हुं म्हणतेस? तुला पटलं की काय?"

"नाय काकू. चुकून गेलं."

"लक्ष कुठंय तुझं?"

भागूबाई हातातल्या तांदळांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? पोथीत नाय अशी कहाणी कुणी सांगितली तर पाप लागतं का?"

"पोथीत आली ती तरी आधी कुणीतरी सांगितलेलीच ना." लक्ष्मीबाई पोथीचं पान शोधत होत्या, मन निम्मं तिकडंच. "सांगावी. ऐकणारीला फसवू नये म्हणजे झालं. हं, कुठं होतो आपण? सुनेला बाहेर काढली."

"हुं," भागूबाई म्हणाली.

दुपारी ती तडक बिल्किसच्या खोलीवर गेली. बिल्किस पोळ्या लाटत होती.

"आपा, मी तांदूळ द्यायच्या आधी सांगणार. ही आमची कहाणी हाय म्हणून. ज्यांना नाय ऐकायची त्यांनी घेऊ नये."

बिल्किसचं लाटणं थांबलं. "दिमाग ठिकाने पे है? आधी सांगितलं तर घेईल कोण? एकेक करून उठतील सगळ्या. इतने दिन की मेहनत पानी में."

"देवाच्या नावानं बांधून ठेवायचं अन् भलतंच ऐकवायचं. मला नाय जमत ते."

"त्यांनी बांधून ठेवलं ते जमतं तुला?"

"त्यांचं त्यांच्यापाशी."

"तेरी बेटी तेरे को मेहमान समझती," बिल्किस म्हणाली, "उसका क्या?"

भागूबाई उठली आणि चालू लागली. मागून बिल्किसनं हाक मारली नाही. शुक्रवारपर्यंत दोघी तालमीत एकमेकींशी नाटकातलंच तेवढं बोलल्या.

*

हॉलमध्ये जिवतीचा कागद भिंतीला लावला होता. त्यावर आघाड्याची माळ, दूर्वा, कापसाचं वस्त्र. कागदावरची देवी नेहमीसारखी पोरांच्या गराड्यात बसलेली, एक मांडीवर, एक खांद्यावर, बाकीची भोवती. सोसायटीतल्या पंचवीसएक बाया सतरंजीवर दाटीनं बसल्या होत्या. लक्ष्मीबाईंना गुडघ्यांमुळं खुर्ची. हळदीकुंकवात पुरुष चालत नाही, म्हणून बुद्धभूषण हलगी घेऊन पुंजारामच्या केबिनमध्ये बसला होता आणि दर थोड्या वेळानं उठून खिडकीतून बघत होता.

आरती झाली. तनुजानं मोबाइल सरसावला. "आता आपल्या मावश्या एक पारंपरिक कहाणी सादर करतील."

भागूबाई तांदळाचं ताट घेऊन पुढं झाली. पुढंच लक्ष्मीबाईंची खुर्ची. त्यांनी सवयीनं तळहात पुढं केला. भागूबाईनं चिमूट उचलली, आणि तिचा हात ताटावरच राहिला.

"बायांनो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मागच्या ओळीतल्या माना पुढं आल्या. "आधी एक सांगते. ही पोथीतली कहाणी नाय. आमी बायांनी रचलीय. जिवती आईचं नाव हाय त्यात, पण गाऱ्हाणं आमचं हाय. आठवड्याला एक सुट्टी, सगळ्या घरांची मिळून, त्याचं. ज्यांना नको त्यांनी तांदूळ घेऊ नका, राग नाय. घेतलं तर मात्र शेवटपर्यंत बसावं लागंल."

मागं दुधाच्या पातेल्यापाशी बिल्किसनं कपाळाला हात लावला.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. भागूबाईला वाटलं होतं, पाचदहाजणी उठतील, उरतील त्यांना सांगू. मनात तिनं त्यांना वाट मोकळी करून दिली होती. पण ती एक गोष्ट विसरली होती. कहाणीला नको म्हणणाऱ्या बाईचं पुढं काय होतं, हे तिथल्या प्रत्येकीला लहानपणापासून पाठ होतं. तिची दुभती म्हैस आटते. भरली कणगी रिकामी होते. परगावी गेलेला मुलगा वाट चुकतो. फसवून हातात दिलेले तांदूळ उद्या फसवले म्हणून विसरता आले असते. समोर जिवती, दिवा जळतो आहे, आणि भरल्या सभेत कहाणी नको असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, ते कुणाच्या जिभेवर येईना.

"ही तर जास्तच सक्ती झाली," दुसऱ्या मजल्यावरची बाई कुजबुजली.

"सक्ती कुठंय, नको म्हणा की," शेजारची म्हणाली.

"तुम्ही म्हणा आधी."

"माझा मुलगा बारावीला आहे, मी कशी म्हणू?"

लक्ष्मीबाईंचा हात अजून पुढंच होता. त्या भागूबाईकडं जरा वेळ बघत राहिल्या. नजरेत माया नव्हती, रागही धड नव्हता. "माझी लेक कॅनडात आहे," त्या म्हणाल्या. "दे."

मग ताट फिरत गेलं. कुणी चटकन हात केला, कुणी तोंड फिरवून. तनुजापाशी ताट आलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हातात मोबाइल आहे."

"डाव्या हातात धर," सासू खुर्चीतून म्हणाली.

भागूबाई जिवतीपुढं बसली. घसा साफ केला आणि चाल लागली.

"ऐका बायांनो. बावन्न दरवाजांचं एक नगर होतं. दर दरवाजाआड एक घर, दर घरात एक मालकीण. त्या नगरात दूरच्या गावाहून एक बाई आली. लेकरू गावी ठेवलं, पोट बरोबर आणलं. घराघरात भांडी घासू लागली. इकडं लेकरू आजीला विचारी, माझी आई कशी दिसते? आजी सांगे, तुझ्यासारखी. लेकरू आरशात बघे अन् म्हणे, ही तर मीच."

"हुं," मागून कुणीतरी म्हणालं. सवयीचं गेलं असावं.

"लेकरांची राखण करणारी जिवती आई. तिला ते बघवेना. उठली, नगरात आली, पहिल्या दरवाजाशी गेली. म्हणाली, बाई गं, हिला एक दिवस दे."

इथं बिल्किस गॉगल लावून उभी राहिली. "आज? आज कैसा जमेगा? आज मेरी भिशी है." दुसऱ्या दारात ती डोक्याला ओढणी गुंडाळून दुसरी मालकीण झाली. "आज गुरुवार, आज डोकं धुते मी." तिसऱ्या दारात तिसरी. दोनचारजणी हसल्या, मग एकमेकींकडं बघून गप्प झाल्या, कारण डोकं धुण्याची सबब त्यांच्यातल्याच एकीची होती.

"देवी बावन्न दारं फिरली. शेवटी म्हणाली, बरं, हिच्या जागी मी करते काम. बाईला गावी धाडलं अन् देवी खरकटं काढायला बसली. चार हातांनी भांडी घासली, झरझर फरशी पुसली. मालकीण आली."

बिल्किसनं कमरेवर हात ठेवले. हॉलचा एक कोपरा न्याहाळला. "वो उधर जाला रह गया."

हशा पिकला. लक्ष्मीबाईंचा पदर तोंडाला गेला. तनुजाच्या डाव्या हातातला मोबाइल कधीच खाली झुकला होता. भागूबाईला स्वतःचं हसणं आवरेना, पण थांबायचं नव्हतं.

"असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी देवी म्हणाली, मालकीणबाई, आज मला सोड. मालकीण म्हणाली, सोडते, पण बदली बाई देऊन जा. देवी म्हणाली, माझी बदली कुठून आणू? जगातल्या पोरांच्या उशाशी बसायचं माझं काम. मी इथं कढई घासत बसले, तर आज तुझ्या पोराच्या उशाशी कोण बसलंय?"

हशा ओसरला. भागूबाईची नजर वर गेली नाही. तिला स्वतःच्याच शब्दांनी धडकी भरली होती. तालमीत ते वाक्य नुसतं वाक्य होतं. इथं जिवतीच्या पुढं, दिव्याच्या उजेडात, ते तिच्याकडंच वळलं. सोनियाच्या उशाशी कोण आहे?

"पुढं सांग," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "अर्धी सोडू नये."

"मालकिणीनं आत जाऊन बघितलं," भागूबाई कशीबशी म्हणाली. "पोर झोपलं होतं. उशाशी कुणी नव्हतं. मग तिनं दार उघडलं. बावन्न घरांनी एकच दिवस दार उघडलं, अन् देवी आपल्या कामाला गेली. बाई आपल्या लेकराकडं गेली. लेकरानं आरसा ठेवून दिला. त्या बाईला लेकरू मिळालं, तसं तुमाला मिळो, आमाला मिळो. कहाणी इथं पुरी झाली, तांदूळ देवाला वाहा."

जिवतीची रीत अशी की लेकरं जवळ असली तर त्यांना ओवाळतात, आणि दूर असली तर त्यांच्या दिशेनं अक्षता टाकतात. निम्म्या बायांची पोरं पुण्याला, बंगळुरूला. लक्ष्मीबाईंना कॅनडाची दिशा कधी नक्की ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी चारही दिशांना थोडेथोडे तांदूळ टाकले. भागूबाईनं गंगापूरकडं तोंड केलं.

*

दूध वाटून झाल्यावर सगळ्यांच्या मनातलं बाहेर आलं.

"हे ठरवून केलंत," तनुजा म्हणाली. व्हिडिओ तिनं कुठंही टाकला नव्हता. "देवाच्या कार्यक्रमात राजकारण."

"सांगून केलं वहिनी," भागूबाई म्हणाली. "आधीच सांगितलं."

"तेच तर. नको म्हणायची सोय कुठं ठेवलीस?"

भागूबाईनं तर सोयच ठेवायला बघितली होती.

"ते जाऊ द्या," बारावीवाल्या मुलाची आई म्हणाली. "तांदूळ घेतलेत आपण. आता काहीतरी ठरवा, नाही तर मला झोप लागायची नाही."

मग वारावरून जी जुंपली, ती आरतीपेक्षा मोठ्या आवाजात. बिल्किस म्हणाली, इतवार. सगळ्या एकदम म्हणाल्या, अशक्य. रविवारी सगळे घरी, चार वेळा चहा, दोन भाज्या. शनिवार तसाच. गुरुवारी डोकं धुणारीचा विरोध. शुक्रवारला लक्ष्मीबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं, शुक्रवारी पुरण असतं आणि पुरणाची भांडी कोण घासणार. सोमवारी उपासाचं, मंगळवारी कुणाची तरी सासू येते.

"बुधवार द्या," शेवटी लक्ष्मीबाईच म्हणाल्या. "बुधवारी मी मुगाची खिचडी करते. भांडी थोडकी."

"सगळ्या घरी बुधवार?" बिल्किसनं विचारलं. "पगार नहीं काटनेका?"

"बरं, नाही कापणार. दिवाळीपर्यंत करून बघू," तनुजा म्हणाली. "मग मिटिंग घेऊ."

फाटकाबाहेर बुद्धभूषणनं हलगीवर एक थाप मारली. पुंजारामनं त्याच्याकडं बघितलं, पण काठी उचलली नाही. बिल्किस आणि भागूबाई चालत मुकुंदवाडीच्या वाटेला लागल्या.

"मेरे को इतवार होना था," बिल्किस म्हणाली.

"मला बी."

"बुधवार तो बुधवार. दिवाळी के बाद फिर बैठेंगे." थोडं पुढं गेल्यावर तिनं भागूबाईच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली. एवढंच.

*

पहिल्या बुधवारी भागूबाई चिंचवाडीला पोचली, तर घराला कडी. सासू शेतात खुरपायला, आणि सोनिया शाळेत. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. इतका काळ एक दिवस मागितला, पण तो शाळेचा वार असेल असा विचार केला नव्हता. शाळा सुटायला संध्याकाळ होणार, आणि परतीची जीप त्याआधी निघणार. ती घरात शिरली, चुलीपाशी बसली, उठली, अंगण झाडलं, पुन्हा बसली. मग पायांत चपला अडकवून शाळेकडं निघाली.

मधली सुट्टी झाली होती. पोरं खिचडीची ताटं घेऊन ओट्यावर बसली होती. सोनियानं तिला कुंपणापाशी पाहिलं, ताट मैत्रिणीकडं दिलं, धावत निघाली आणि चार पावलांवर थबकली.

"कोण वारलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाय गं. सुट्टी हाय."

"शाळेला कुठं सुट्टी हाय?"

"तुझी नाय. माझी."

सोनियानं तिच्याकडं नीट पाहिलं, खोटं बोलत नाही ना अशी. "कामाला सुट्टी असती?"

"आता हाय. बुधवारची."

"मंग पुढच्या बुधवारी बी येशील?"

'व्हय' हा शब्द भागूबाईच्या ओठावर आला होता. तो तिनं परत घेतला. "दिवाळीपर्यंत येईन. पुढचं अजून ठरायचंय."

पोरीनं मान हलवली. रुसली नाही, हट्ट केला नाही. "माझी जागा खिडकीजवळ हाय," ती म्हणाली. "तिकडून दिसशील अशी बस. लिंबाखाली बसू नको, तिथून दिसत नाय." घंटा झाली तशी ती पळाली.

भागूबाई खिडकीच्या समोर, भिंतीच्या कडेला, उन्हातच बसली. आतून पाढ्यांचा आवाज येऊ लागला. खिडकीच्या गजांमागं एक डोकं थोड्या थोड्या वेळानं वळत होतं.

कमरेच्या पिशवीत फोन वाजला. तनुजाचा. भागूबाईनं तो वाजू दिला. तो थांबला आणि लगेच परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं कानाला लावला.

"भागूबाई, अगं अचानक पाहुणे आलेत गं, मला बँकेतून मधूनच घरी यावं लागलं. आम्हा दोघींना आवरत नाही. चारपर्यंत येऊन जातेस का? उद्या उशिरा आलीस तरी चालेल."

खिडकीतलं डोकं पुन्हा वळलं. या वेळी ते वळलेलंच राहिलं.

"वहिनी," भागूबाई हळूच म्हणाली, "आज बुधवार हाय."

पलीकडं भांडी वाजत होती, कुणीतरी पाण्याचा नळ सोडला होता. फोन तुटला नव्हता. भागूबाईनं तो कानाला तसाच धरून ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून बसल्या जागी नीट मांडी घातली.